हात न लावलेले पंधरा फोटो

अर्जातलं सातवं पान सगळ्यात अवघड होतं. त्यावर प्रश्न एकही नव्हता, नुसते आठ चौकोन होते. चार वर्षं, वर्षाला दोन सत्रं. वर छापलं होतं, 'कलाशाखा पदवी, विशेष भर : छायाचित्रण', आणि खाली सूचना : कोणत्या सत्रात कोणते विषय घेणार, याचा आराखडा उमेदवाराने विचारपूर्वक भरावा.

सूनबाईला विचारपूर्वक भरायला सांगणं म्हणजे पाण्याला ओलं हो म्हणण्यासारखं होतं. झोपण्याआधी गॅसचं बटण दोनदा बघणारी ती बाई. पोरीला शाळेत सोडल्यावर फाटक लागलं तरी पाच मिनिटं बाहेर उभी राहणारी, न जाणो, रडली तर. तिनं ते सातवं पान स्टुडिओच्या झेरॉक्सवर अकरा वेळा काढून घेतलं आणि गिऱ्हाइकं नसतील तेव्हा काउंटरवर पेन्सिल घेऊन बसायला लागली. पहिल्या वर्षी रेखाटन, रचना, कलेचा इतिहास. डार्करूम दुसऱ्या वर्षी, कारण तोवर चिमीची शाळा पूर्ण वेळ होईल. प्रकाशयोजना तिसऱ्या सत्रात घेतली तर संध्याकाळी स्टुडिओत कोण बसणार? मग ती चौथ्यात. खोडायचं, फुंकर मारायची, पुन्हा लिहायचं.

"एवढा विचार लग्नाआधी केला असतास तर आज इथे नसतीस," नवरा मागून डोकावून म्हणायचा.

"तेव्हा मुलाचा फोटो दुरुस्त करून पाठवला होता ना," ती म्हणायची. "बघून फसले."

हे खरंही होतं. या स्टुडिओतून कुठलाच चेहरा दुरुस्त झाल्याशिवाय बाहेर पडत नसे. सासऱ्यांचा तसा शिरस्ताच होता. मुरूम, देवीचे वण, डोळ्याखालची काळी वर्तुळं, सगळं इथल्या इथे जायचं. पूर्वी सासरे काचेवर निगेटिव्ह ठेवून बारीक ब्रशनं करायचे, आता नवरा आणि सूनबाई कॉम्प्युटरवर करायचे. दुसरा शिरस्ता असा की एका चेहऱ्याची एकच फाइल ठेवायची. एकदा चुकून दुरुस्त न केलेला फोटो छापून गेला होता आणि नवरीची आत्या काउंटरवर चप्पल घेऊन उभी राहिली होती. तेव्हापासून नियम झाला : चांगला फोटो तयार झाला की मूळ उडवायचा. त्याच नावानं, त्याच जागी, चांगला तेवढा राहायचा. निवड झाली की निवडीबाहेरचंही उडवायचं आणि कार्ड त्याच दिवशी पुसून दुसऱ्या कामाला लावायचं. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही विचार करण्यासारखं आहे, असं घरात कोणाला वाटतच नसे.

तिला सूनबाई म्हणायला सुरुवात सासऱ्यांनी केली, मग गिऱ्हाइकं म्हणू लागली, मग दूधवाला. आता शाळेतही 'चिमीची आई' नाहीतर 'स्टुडिओतल्या सूनबाई' एवढीच तिची ओळख होती. लग्नाआधी वाणिज्य शाखेची दोन वर्षं करून तिनं सोडली होती, आकड्यांशी काही जमलं नव्हतं. फोटोशी मात्र जमलं. आणि या पदवीला वयाची अट होती तीस. तिला एकोणतीस पूर्ण होऊन सात महिने झाले होते. म्हणजे हीच खेप पहिली आणि हीच शेवटची.

सातव्या पानाबरोबर आणखी एक गोष्ट लागायची. एकाच विषयावरचे पंधरा फोटो, मोठ्या आकारात छापलेले, आणि खाली सही : यात कोणताही फेरफार केलेला नाही.

विषय तिच्याकडे होता. तिनं शोधला नव्हता, तो घरातच येऊन बसला होता.

सासऱ्यांच्या जबड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डाव्या बाजूचं हाड काढलं. जिने चढणं बंद झालं म्हणून स्टुडिओमागच्या खोलीत, जिथे पूर्वी पडदे आणि खोटे खांब ठेवलेले असायचे, तिथे त्यांची खाट लावली. जखम भरेल असं डॉक्टर म्हणाले. ती भरली नाही. ड्रेसिंग रोज सकाळी सूनबाईच करायची. नवरा दाराशी यायचा, "कापूस आहे ना? मलम आहे ना?" विचारायचा आणि कोणीतरी हाक मारल्यासारखा काउंटरकडे निघून जायचा. पहिल्यांदा तिला राग आला. मग तिनं एकदा त्याला काउंटरमागे कपाळ भिंतीला टेकवून उभा असलेला पाहिला आणि पुन्हा कधी बोलावलं नाही.

सासऱ्यांना बोलता येत नव्हतं. पासपोर्ट फोटोच्या पाकिटांच्या पाठीवर ते लिहायचे. तिचं सातवं पान त्यांनी मागून घेतलं, चष्मा लावून वाचलं आणि पाकिटावर लिहिलं, 'चार वर्षं? मी चार दिवसांत शिकलो. चुकलो ते कळायला मात्र चाळीस वर्षं लागली.'

"मग मी काय करू बाबा, नको जाऊ?"

'जा. इतिहास पहिल्याच वर्षी घे. मला कोणी सांगितलंच नाही की आधीही लोक फोटो काढायचे.'

फोटोंचं तिनं अर्ज हातात येण्याच्या वर्षभर आधीच बिचकत विचारलं होतं. त्यांचे फोटो काढले तर चालतील का. म्हणजे आत्ताचे. म्हणजे असेच. त्यांनी चष्मा लावला. मग पाकीट ओढलं. 'काढ. पण हात लावायचा नाही.' आणि 'हात' या शब्दाखाली दोनदा रेघ मारली.

वर्षभर तिनं फोटो काढले. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. सासरे मोठे वस्ताद होते, आजारी असूनही. कॅमेरा चुकीच्या जागी दिसला की बोटानं खूण करायचे, इकडे, अजून इकडे. एकदा ती डोळ्यांतलं पाणी पुसत राहिली आणि फोकस हलला, तेव्हा त्यांनी पाकिटावर लिहिलं, 'रडायचं असेल तर ट्रायपॉड लाव.' तिला हसू आलं आणि त्यांच्याही उरलेल्या अर्ध्या तोंडावर काहीतरी हललं. तो फोटो पंधरांत नववा होता. बाराव्यात जखम गळ्यापर्यंत उतरली होती. पंधराव्यात ते बघत होते सरळ, पण चेहरा असा राहिला नव्हता की त्याला चेहरा म्हणावं. तिनं तीनशेतून पंधरा निवडले आणि उरलेले, अर्थात, उडवले. सवयीनं.

अर्जाची पहिली फेरी पार झाली. अर्जासोबतच्या निबंधावर आणि सातव्या पानावर. फोटो मुलाखतीलाच न्यायचे होते. मुलाखतीची तारीख आली आणि त्याच्या एकोणीस दिवस आधी सासरे गेले.

घरात माणसं येत-जात होती तोवर वेळ गेला. माणसं थांबली तेव्हा चिमीला ताप भरला. चार दिवस उतरेना. सूनबाई वरच्या खोलीत पोरीच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसलेली, जीव अर्धा इथे आणि अर्धा खाली. नवरा वर आला, म्हणाला, "तू पोरीकडे बघ. तुझे प्रिंट मी काढतो."

"मोठ्या साइजचे. मॅट कागदावर."

"अगं, मला शिकवतेस? जन्म गेला माझा यात."

त्याचे डोळे सुजले होते. तिला वाटलं, बापाचे फोटो पंधरा वेळा समोर येणार, सोपं नाही. पण तिला बरंही वाटलं. वर्षभर ज्यानं बघितलं नाही तो आता तरी बघतोय. तीन दिवस तो मशीनच्या खोलीत दार लावून होता. चौथ्या दिवशी त्यानं काळा बॉक्स आणून दिला. प्रत्येक प्रिंटमध्ये पातळ कागद घातलेला, चारही बाजूंनी टेप. "उघडू नकोस हां, बोटांचे ठसे उमटतील."

आणि गॅस दोनदा बघणाऱ्या त्या बाईनं बॉक्स उघडून बघितला नाही.

मुलाखतीच्या खोलीत तिघं होते. दोघं गप्प बसणारे आणि मधे करड्या केसांच्या एक बाई, त्याच विभागप्रमुख. सूनबाई खुर्चीच्या कडेवर बसली. बाईंनी आधी सातवं पान काढलं.

"आराखडा छान आहे. इतका नीट आजवर कोणी भरला नव्हता. फक्त डिजिटल रिटचिंगचा विषय तुम्ही कुठेच घेतलेला नाही."

"तो मला येतो. आमचा स्टुडिओ आहे."

"बरं," म्हणून बाईंनी कटरनं टेप कापली.

पहिली प्रिंट निघाली. सूनबाईला उलटीच दिसत होती, पण ती पुढे वाकली. उलट्या चेहऱ्यालाही दोन बाजू असतात आणि या चेहऱ्याच्या दोन्ही बाजू होत्या.

बाईंनी दुसरी काढली. तिसरी. एकेक करून पंधराही टेबलावर मांडल्या. खिडकीचा उजेड तोच होता, चादर तीच, उशीवरचा ओला डागही तोच. सासरे त्यातून बघत होते, पूर्ण जबड्यानं. कातडी सारखी केलेली, गळा स्वच्छ. पंधराव्यात तर ते जरा टवटवीतच दिसत होते. काम इतकं सफाईदार होतं की दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. पण सूनबाईला जबडा ओळखू आला. ओठाखाली दाढी करताना कापल्याची बारीक आडवी खूण होती. ती सासऱ्यांना कधीच नव्हती. रोज सकाळी आरशासमोर तिला दिसणारी ती खूण नवऱ्याची होती.

"तुम्ही निबंधात लिहिलंय," बाई हळू बोलत होत्या, "की वर्षभरात हा चेहरा हळूहळू नाहीसा होत गेला. मला तर इथे एक आजोबा आराम करताना दिसतायत."

तिला म्हणायचं होतं, माझ्या नवऱ्यानं केलं. पण ते वाक्य जिभेवर येताच तिला कसंतरी झालं. चिमी शाळेत असंच म्हणायची, मी नाही, ह्यानं केलं.

"हे... छापताना दुरुस्त झालेत," ती म्हणाली.

"छापताना आपोआप जबडा येत नाही." बाजूच्या गृहस्थांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

बाईंनी त्यांना हातानं थांबवलं. "रिटचिंग तुम्हाला येतं, ते दिसतंय. पण सही तुमची आहे खाली. नियमानं मला हे इथेच बंद करायला हवं." त्या पुन्हा नवव्या फोटोवर वाकल्या. "डोळ्यांत काहीतरी आहे ह्यांच्या. म्हणून सांगते. मूळ फायली असतीलच ना? उद्या चारपर्यंत ऑफिसात आणून द्या. जागा तोवर ठेवते. चार वाजता यादी लागते, मग माझ्या हातात काही नाही."

ती घरी आली तेव्हा नवरा एका गृहस्थांचा पासपोर्ट फोटो काढत होता. "मान सरळ... हनुवटी जराशी खाली... अजून." ती काउंटरपाशी बॉक्स छातीशी धरून उभी राहिली. गृहस्थ गेले.

"काय म्हणाले? आवडले ना?" त्याचा चेहरा इतका उत्सुक होता की क्षणभर तिला त्याची कीव आली.

"मूळ फायली कुठायत?"

"कसल्या?"

"बाबांच्या. ज्यांना तू हात लावलास त्या."

"त्याच त्या. तुझ्याच फोल्डरमधे, त्याच नावानं." मग त्याला काहीतरी उमगलं असावं. "अगं, नेहमीसारखंच केलं. वेगळ्या कशाला ठेवू?"

"कार्ड?"

"कार्डावर तीन लग्नं येऊन गेली."

ती स्टुलावर बसली. तो तिच्यासमोर उभा राहिला, हातात पांढरं फडकं, ज्यानं तो दिवसभर लेन्स पुसायचा.

"तू त्यांना तसं नेऊन दाखवणार होतीस? परक्या लोकांना? पंधरा वेळा?" त्याचा आवाज चिरकला. "मी पहिला फोटो उघडला ना, तेव्हा खुर्चीवरून उठलो मी. बाहेर जाऊन आलो. म्हटलं, बाबांनी लोकांचे वांगसुद्धा ठेवले नाहीत कधी, आणि त्यांनाच आपण... तीन दिवस लागले मला. स्वतःचा फोटो काढला खिडकीत बसून, त्याच उजेडात. तोच लावला. सगळे म्हणायचेच ना, बापलेक एका साच्यातले."

"त्यांनी सांगितलं होतं, हात लावायचा नाही."

"मला कुठे सांगितलं?"

खरंच नव्हतं सांगितलं. तो खोलीत आलाच कुठे होता.

"मला रागाव," तो म्हणाला. "काहीतरी बोल."

"चिमीला साडेपाचला औषध द्यायचंय," ती म्हणाली आणि वर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला शाळेत सोडून, फाटकापाशी न थांबता, ती सरळ मशीनच्या खोलीत येऊन बसली. साडेआठ ते चार. साडेसात तास, पंधरा फोटो. तिला रिटचिंग येतं. जे जोडता येतं ते तोडताही येतं. आणि ती जखम या घरात दुसऱ्या कोणाला ठाऊक नसेल इतकी तिला ठाऊक होती. तीनशेहून जास्त सकाळी तिनं ती धुतली होती. कडा कुठे जांभळी, कुठे पांढरट, कुठे ओल. सही खोटी नव्हती, कारण असं खरोखर होतं. खोटं तिनं केलेलं नव्हतं, ती तर खोटं काढून टाकणार होती. असं ती स्वतःला सांगत राहिली आणि हात चालवत राहिली.

तिनं नववा घेतला. आधी नवऱ्याची खूण पुसली. मग जबडा आत ढकलला, गालाची सावली खाली ओढली. कातडी उघडली. इतकी वर्षं वण बुजवायला वापरलेला तोच ब्रश ती उलटा चालवत होती आणि हात थरथरत नव्हता, याचीच तिला जास्त भीती वाटली. साडेदहाला ती मागे टेकली.

जखम उत्तम झाली होती.

तिनं मोठं करून पाहिलं, लहान करून पाहिलं. कुठे जोड दिसत नव्हता. करड्या केसांच्या बाईच काय, डॉक्टरही फसले असते. जांभळ्यातून लाल आणि लालातून गुलाबी कसं अलगद उतरत गेलं होतं. कडेला उजेडाची एक नाजूक रेघ होती, जी तिनं न ठरवता दिली होती. लग्नातल्या नवरीच्या गालाला देतात तशी. तिनं ती पुसली. मग बाजूची सावली फार गोल वाटली, ती मोडली. मोडलेलीही छान दिसायला लागली. ती जितकी बिघडवायला जाई, तितकं ते सुबक होत जाई.

नवरा चहा घेऊन आला. कप ठेवायला वाकला आणि पडद्याकडे बघून तसाच राहिला. या वेळी तो बाहेर गेला नाही.

"असं होतं?" त्यानं विचारलं.

तिला हो म्हणता आलं असतं. तो मानणार होता, ऑफिसातले मानणार होते.

"नाही," ती म्हणाली. "असं नव्हतं."

"मग?"

"वास यायचा. आणि... कडा अशी गोल नव्हती. फाटल्यासारखी होती. थांब."

तिनं डोळे मिटले. डाव्या कानाखालून सुरुवात करायची, रोज ती तिथूनच कापूस फिरवायची. तिनं मनातल्या मनात कापूस फिरवला. समोर टेबलावर मांडलेल्या पंधरा प्रिंट आल्या. मग तिनं आत्ता केलेली सुबक जखम आली. मग पुन्हा तो तरुण जबडा, ओठाखालच्या खुणेसकट. तिनं डोळे अजून घट्ट मिटले. त्या दोन्हींच्या मागे काहीतरी होतं, पण ते पुढे येईना.

"सांग ना," नवरा म्हणाला. तो खाली फरशीवर बसला होता. "मला बघायचंय."

"मला दिसत नाहीये."

त्यानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिनं काढला नाही, पण तिचाही हात त्यावर गेला नाही. चहावर साय धरली. पावणेबारा वाजले तेव्हा तिनं फोन लावला.

ऑफिसातला कारकून घाईत होता. नाव, अर्जाचा क्रमांक. "हां, तुमचं मूळ फायलींसाठी थांबलंय. आणताय ना? चारच्या आत या, जेवणाची सुट्टी दीड ते दोन."

"आणत नाहीये. त्या नाहीयेत माझ्याकडे."

"हरवल्या?"

"नाही. दुरुस्त झाल्या."

पलीकडे जरा वेळ कागद चाळल्याचा आवाज. "तसा काही पर्याय नाहीये हो इथे. 'सादर केल्या' किंवा 'सादर केल्या नाहीत.'"

"केल्या नाहीत."

"म्हणजे जागा पुढच्या नंबराला जाईल. कळतंय ना तुम्हाला? मागाहून परत देता येत नाही."

"कळतंय."

"बरं. तुमचा तो आराखडा इथे फाइलला आहे. मॅडमनी त्यावर काहीतरी शेरा मारलाय, चांगला दिसतोय. परत हवा असेल तर घेऊन जा, नाहीतर वर्षअखेरीला रद्दीत जातं सगळं."

"जाऊ दे," ती म्हणाली. "माझ्याकडे अजून अकरा प्रती आहेत."

तिनं फोन ठेवला. नवरा फरशीवरूनच म्हणाला, "पुढच्या वर्षी पुन्हा भरू. पुढच्या वर्षी मी हातसुद्धा लावणार नाही, शप्पथ."

"पुढच्या वर्षी मी एकतीसात असेन."

"मग?"

"तीसची अट आहे."

तो बोटांवर काहीतरी मोजायला लागला, मधेच थांबला. "हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस."

"दोनदा सांगितलं होतं."

त्यानं मान खाली घातली. बाहेर काउंटरवर कोणीतरी घंटी वाजवली, थांबून पुन्हा वाजवली. "आलो," नवरा ओरडला, पण उठला नाही. सूनबाईनं कॉम्प्युटरकडे पाहिलं. नववा फोटो तसाच उघडा होता. तो ठेवला तर खोटा होता आणि उडवला तर त्याच्या खालचा, नवऱ्यानं केलेला, तोही खोटाच होता. तिनं पडदा तेवढा बंद केला आणि चिमीला आणायला निघाली, शाळा सुटायला अजून दीड तास होता तरी.